चीनमधल्या आडगावी राहायचं तर

2019 साली चीनच्या ईशान्य टोकाचं हगांग हे कोळशाच्या खाणींचं शहर एकाएकी देशभर गाजलं. कारण एवढंच, की तिथे वीस-पंचवीस हजार युआनमध्ये, म्हणजे आपल्या तीन लाख रुपयांच्या आतबाहेर, राहता फ्लॅट मिळत होता. तेवढ्या पैशात शांघायच्या बऱ्या वस्तीत अर्धा चौरस मीटरही येत नाही. कोबीच्या भावात घर, असं चिनी माध्यमं म्हणू लागली, परदेशी वर्तमानपत्रांनी ते उचललं, आणि जगभरातले निवृत्त लोक नि लॅपटॉपवर पोट भरणारे तरुण मनातल्या मनात हिशेब मांडू लागले. पुण्यातला फ्लॅट भाड्याने द्यावा आणि त्या भाड्यावर कुठल्याशा डोंगराच्या पायथ्याशी निवांत राहावं, हे स्वप्न आपल्याकडेही बऱ्याच जणांचं असतं. चीनमधलं छोटं, स्वस्त गाव हे त्याच स्वप्नाचं परदेशी रूप.

हिशेब चुकीचा नाही. पण या विषयावर जे लिहिलं-बोललं जातं त्यात नव्वद टक्के भाग भाड्याचा, भाजीचा आणि नूडल्सच्या वाडग्याचा असतो. माझ्या मते तो या प्रश्नाचा सगळ्यात सोपा भाग आहे. तुम्ही कोणत्या कागदावर तिथे राहणार, हा अवघड भाग. आणि लहान गावात तो मोठ्या शहरापेक्षा जास्त अवघड होतो.

आधी स्वस्ताई येते कुठून ते पाहू. हगांगमध्ये ती खाणी संपत आल्यामुळे आली. साठे आटलेल्या शहरांच्या सरकारी यादीत त्याचं नाव 2011 मध्ये लागलं. खाणींमुळे जमीन खचलेल्या भागातल्या आणि झोपडवस्त्यांतल्या लोकांसाठी सरकारने इमारतींमागून इमारती उभ्या केल्या, पण राहायला माणसं उरली नाहीत. 2010 च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या साडेदहा लाखांच्या वर होती, 2020 मध्ये ती नऊ लाखांच्या खाली आली. 2021 च्या डिसेंबरात तर पालिकेने पैशाच्या ओढाताणीपायी नोकरभरतीच रद्द केली. सगळ्यात स्वस्त घरं असतात ती लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरची. हिवाळा सहा महिन्यांचा, पारा उणे वीसच्या खाली, आणि घर गरम ठेवण्याचं बिल क्षेत्रफळावर, दरवर्षी. घर घेणाऱ्याला ते एकदाच स्वस्त पडतं.

तरीही मोठ्या शहरांतल्या धावपळीला विटलेले चिनी तरुण तिथे गेले आणि काही तिथेच रमले. त्यांना जमतं ते परक्याला जमेलच असं नाही. परदेशी माणसाला चीनमध्ये स्वतःच्या राहण्यासाठी एक घर घेता येतं, पण त्यासाठी तो तिथे नोकरी करत असला किंवा शिकत असला पाहिजे, असा 2006 पासूनचा दंडक आहे. पुढे 2015 मध्ये तो थोडा सैल झाला इतकंच. घराखालची जमीन सरकारचीच, आपल्याला मिळतो तो 70 वर्षांचा वापरहक्क. आणि घर घेतलं म्हणून राहण्याचा परवाना मिळत नाही. हे एक वाक्य हगांगवरच्या बहुतेक परदेशी लेखांतून गळालेलं असतं.

परदेशी लोक प्रत्यक्षात ज्या गावांत जाऊन राहिले ती हगांगसारखी नाहीतच. ती दक्षिणेत आणि नैर्ऋत्येत आहेत. ग्वांगशी प्रांतातलं यांगशुओ हे चुनखडीच्या सुळक्यांमधलं नदीकाठचं गाव. पाठीवर पिशवी घेऊन हिंडणारे परदेशी 1980 च्या दशकात तिथे येऊ लागले, नव्वदीत कड्यांवर चढणारे आले, मग इंग्रजी शिकवणाऱ्या निवासी शाळा निघाल्या. युनान प्रांतातलं दाली समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार मीटरवर, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला अरहाय तलाव, उन्हाळा असा नाहीच. बाय जमातीचं हे जुनं राजधानीचं गाव गेल्या काही वर्षांत चिनी 'डिजिटल भटक्यां'चं माहेरघर झालंय. थट्टेने त्याला दालिफोर्निया म्हणतात. तलावाच्या त्याच काठाने थोडं उत्तरेला शीचौ गावात एका अमेरिकन जोडप्याने व्यापाऱ्याचा जुना वाडा दुरुस्त करून 2008 मध्ये अतिथीगृह सुरू केलं, आणि परदेशी माणसानेही इथे मूळ धरता येतं याचं ते उदाहरण म्हणून सांगितलं जाऊ लागलं.

पण ज्या गावाची स्वस्ताई गाजते ते गाव स्वस्त राहत नाही. 2023 च्या जानेवारीत दालीत चित्रित झालेली एक मालिका तुफान चालली आणि त्यानंतर तिथल्या वाड्यांचे भाव कुठल्या कुठे गेले. त्याआधी 2017 मध्ये अरहायचं पाणी हिरवं पडू लागलं म्हणून तलावाकाठची शेकडो हॉटेलं आणि अतिथीगृहं सरकारने बंद केली. गावठाणातल्या घराची जमीन बाहेरच्याला विकत घेता येत नाही, म्हणून लोक शेतकऱ्याचा वाडा वीस वर्षांच्या कराराने घेतात. कायद्याने त्याहून लांब भाडेकरार चालतच नाही. त्यात पदरचे लाखो युआन घालून लाकूडकाम, न्हाणीघर, गच्ची करतात. मग एखादा बंदीहुकूम निघतो, किंवा गावाचं नाव झाल्यावर मालकाची मुलं शहरातून परत येऊन भाडं वाढवून मागतात. चिनी माणूस निदान गावपंचायतीत जाऊन भांडू शकतो.

खर्चाचं म्हणाल तर, पर्यटकांच्या वाटेवर नसलेल्या गावात दोन खोल्या-स्वयंपाकघराचं भाडं साधारण 600 ते 1,500 युआन असतं. युआन म्हणजे सुमारे बारा रुपये धरा. सकाळी वाफेवरची बावझी एक-दोन युआनला एक, दुपारचा नूडल्सचा वाडगा आठ ते पंधराला, बसचं तिकीट एक-दोन युआन, विजेचं युनिट अर्ध्या युआनच्या आसपास. चार-पाच हजार युआनमध्ये जोडप्याचा महिना व्यवस्थित निघतो. म्हणजे पन्नास-साठ हजार रुपये. आता गंमत पाहा: एवढ्या पैशात साताऱ्यात किंवा सावंतवाडीतही उत्तम राहता येतं. चीनचं छोटं गाव स्वस्त आहे ते सिएटलच्या किंवा शांघायच्या मापाने. आपल्या मापाने ते जेमतेम बरोबरीला येतं. मग जास्तीचं काय मिळतं? वीज जात नाही. रात्री अकरा वाजता बाई एकटी फिरायला निघू शकते. आणि वेगवान रेल्वेचं जाळं, जे 2024 अखेर 48,000 किलोमीटरपर्यंत गेलं, ते लहान गावांच्या दारापर्यंत आलं आहे. 2018 पासून कुनमिंगहून दाली दोन तासांवर आलं. यांगशुओचं स्टेशन मात्र गावात नाही, पार शिंगपिंगला आहे, तिथून बस. 'छोटं गाव' म्हणजेही आपल्या डोळ्यांसमोर येतं ते नव्हे. चीनमध्ये तालुक्याच्या ठिकाणीसुद्धा लाख-दोन लाख माणसं, वीस-वीस मजली इमारती आणि चार पदरी रस्ते असतात.

आता कागद. चीनमध्ये निवृत्तांचा व्हिसा नाही. घरून काम करणाऱ्यांचा व्हिसा नाही. पैसे बँकेत दाखवून राहण्याची सोय नाही. दीर्घकाळ राहायचं तर सहसा कुणीतरी तुमच्यासाठी जबाबदारी घ्यावी लागते: नोकरी देणारी संस्था, विद्यापीठ, किंवा चिनी नवरा-बायको. 2017 पासून कामाच्या परवान्याचे अ, ब, क असे तीन वर्ग आहेत. बहुतेकांना लागू पडणाऱ्या ब वर्गासाठी पदवी, दोन वर्षांचा अनुभव आणि साठीच्या आतलं वय लागतं. परवाना त्या एका नोकरीला बांधलेला. नोकरी सुटली की राहण्याची मुदतही सुटते. चिनी माणसाशी लग्न केलं तर कुटुंबाच्या नात्याने राहता येतं, पण त्या परवान्यावर पगारी काम करता येत नाही. म्हणजे ज्याची कमाई बाहेरच्या देशातून येते आणि ज्याला फक्त शांत जागा हवी आहे, त्या माणसासाठी स्वस्त गाव सगळ्यात सोयीचं. आणि नेमक्या त्याच माणसासाठी चिनी कायद्यात रकाना नाही. असे लोक पर्यटक व्हिसावर येतात, मुदत संपत आली की हाँगकाँग किंवा व्हिएतनामला जाऊन परत येतात, आणि विचारलं तर हसून विषय बदलतात. युरोपातल्या अनेक देशांच्या नागरिकांना आता तीस दिवस व्हिसाशिवाय येता येतं, त्यामुळे त्यांची ही ये-जा सोपी झाली आहे. भारतीय पासपोर्टला ती सवलत नाही.

2020 च्या जनगणनेत चीनमध्ये राहणारे परदेशी नागरिक मोजले गेले 8,45,697. एकशे चाळीस कोटींच्या देशात ही संख्या नगण्य म्हणावी अशी, आणि त्यातले बहुसंख्य मोठ्या शहरांत आणि सरहद्दीच्या भागांत. लहान गावात परदेशी माणूस आणणारा मुख्य धंदा म्हणजे इंग्रजी शिकवणं. अमेरिकेच्या पीस कोअरने 1993 ते 2020 पर्यंत आपले स्वयंसेवक शिक्षक चीनच्या आतल्या भागातल्या महाविद्यालयांत पाठवले. पीटर हेसलर 1996 साली यांगत्से नदीकाठच्या फूलिंगला असाच गेला, आणि तिथल्या दोन वर्षांवर त्याने लिहिलेलं 'रिव्हर टाउन' आजही या विषयावरचं पहिलं वाचावं असं पुस्तक आहे. पुढे खाजगी शिकवण्यांचा सुकाळ झाला. तालुक्याच्या गावीही गोऱ्या शिक्षकाचा फोटो फलकावर लावला की प्रवेश वाढत. जुलै 2021 मध्ये सरकारने शाळकरी मुलांच्या नफ्यावर चालणाऱ्या शिकवण्यांना लगाम घातला आणि वर्षभरात हा धंदा बसला. कोविडच्या साथीमुळे सीमा बंद होत्याच. गावोगावचे परदेशी शिक्षक जे गेले ते बरेचसे परतलेच नाहीत.

भारतीयांना या नोकऱ्या फारशा मिळतही नव्हत्या, कारण इंग्रजी शिक्षकाच्या परवान्यासाठी साधारणपणे इंग्रजी मातृभाषेच्या देशाचा पासपोर्ट मागतात, आणि त्या यादीत भारत नाही. कॉन्व्हेंटमध्ये शिकून, मराठीपेक्षा इंग्रजीत सराईत झालेल्या मुंबईकराला हे चमत्कारिक वाटेल, पण दारात उभं राहून वाद घालण्यात अर्थ नसतो. आपले लोक लहान चिनी शहरांत पोचले ते वेगळ्या वाटांनी.

सगळ्यात मोठी वाट वैद्यकीय शिक्षणाची. साथीआधी चीनमध्ये तेवीस हजारांच्या आसपास भारतीय विद्यार्थी होते, बहुतेक एमबीबीएसचे, आणि त्यांत महाराष्ट्रातलीही मुलं होती. यातली पुष्कळ महाविद्यालयं जिंचौ, नानचोंग, यीछांग अशा, भारतात कुणी नावही न ऐकलेल्या शहरांत आहेत. तिथे वसतिगृहाच्या मजल्यावर इंडक्शन शेगडी लपवून खिचडी करणारी मुलं 2020 च्या सुरुवातीला सुट्टीला घरी आली आणि ऑगस्ट 2022 मध्ये व्हिसा पुन्हा सुरू होईपर्यंत लातूर-नांदेडच्या खोलीत बसून मोबाइलवर शरीररचनाशास्त्र शिकत राहिली. परतल्यावरही इथल्या पात्रता परीक्षेचा डोंगर होताच.

दुसरी वाट योगाची. कुनमिंगच्या विद्यापीठात 2015 मध्ये भारत-चीन योग महाविद्यालय निघालं, आणि त्याच्या आगेमागे ऋषिकेशपासून नाशिकपर्यंतचे तरुण योगशिक्षक चीनच्या दुय्यम-तिय्यम शहरांत जाऊन राहू लागले. पगार चांगला, मान मोठा. मात्र परवाना एका केंद्राच्या नावाचा आणि शिकवणं तीन केंद्रांत, असा प्रकार उघडकीला आला तर दंड आणि परतीचं तिकीट ठरलेलं. तिसरी वाट व्यापाराची. चच्यांग प्रांतातलं यीवू हे खेळणी-बांगड्या-कुलपांच्या घाऊक बाजारासाठी आणि कछियाओ हे कापडासाठी भारतीयांच्या ओळखीचं. दोन्हीकडे भारतीय खानावळी आहेत, पोळीही मिळते. पण तिथे राहण्याची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. परागंदा मालकाच्या देण्यापोटी दोन भारतीयांना यीवूतल्या व्यापाऱ्यांनी अडकवून ठेवलं होतं, आणि जानेवारी 2012 मध्ये भारतीय दूतावासाने आपल्या व्यापाऱ्यांना यीवूपासून दूर राहा असं उघड बजावलं होतं. आपण नोकर असलो तरी गावाच्या लेखी कंपनी म्हणजे आपणच, हे त्या प्रकरणातून दिसलं.

आणि एक मराठी माणूस असा, की तो गेला तेव्हा या वाटांपैकी एकही नव्हती. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 च्या सप्टेंबरात काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून निघाले. त्या पाच जणांत नागपूरचे डॉ. चोळकरही होते. बाकीचे परतले. कोटणीस हपै प्रांतातल्या तांग तालुक्यात, गगोंग नावाच्या खेड्यात राहिले, जानेवारी 1941 मध्ये बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथल्याच क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केलं, आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेले. शांतारामबापूंनी त्यांच्यावर काढलेल्या 1946 च्या चित्रपटामुळे आपल्याला त्यांचा त्याग माहीत असतो. ते चिनी शिकले आणि त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवू लागले, ही गोष्ट त्यामानाने कमी सांगितली जाते. मला तीच जास्त महत्त्वाची वाटते, कारण लहान गावात आजही माणसाला आत घेतलं जातं ते याच एका गोष्टीवरून. शांघायमध्ये दहा वर्षं इंग्रजीवर काढता येतात. तालुक्याच्या गावी दहा दिवसही नाही. मोबाइलमधलं भाषांतर पाण्याच्या पंपाची तक्रार करायला पुरतं. शेजारच्या आजींच्या स्थानिक बोलीपुढे ते हात टेकतं.

रोजच्या जगण्यातल्या अडचणी लहान, पण चिवट असतात. पहिली पोलीस चौकीतली. हॉटेलऐवजी कुणाच्या घरी उतरलात तर चोवीस तासांत स्थानिक चौकीत नोंद करायची, असं 2013 पासून लागू असलेला कायदा सांगतो. न केल्यास दोन हजार युआनपर्यंत दंड. शांघायला हे काम मोबाइलवर होतं. लहान गावात काय होतं? तुम्ही पासपोर्ट, भाडेकरार आणि घरमालकाच्या ओळखपत्राची प्रत घेऊन जाता. काउंटरवरची पोरसवदा पोलीस पासपोर्ट उलटसुलट करून बघते आणि आतून साहेबांना बोलावते. साहेब संगणकात देशांची यादी उघडतात, फोन लावतात तालुक्याला, तिथून सांगतात जिल्ह्याला विचारा. तोवर तुम्हाला कागदी पेल्यात गरम पाणी मिळतं, नुसतं पाणी. तासाभराने शिक्का बसतो. सगळे भले असतात, सगळ्यांना मदत करायची असते, पण असं काम त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा केलेलं असतं. गावातला पहिला परदेशी होण्याची हौस असेल त्याने हे तास त्या हौसेच्या खात्यात धरावेत. हॉटेलांचंही तसंच होतं. 'परदेशी पाहुणे घेत नाही' असं लहान गावांत सर्रास ऐकायला मिळायचं. 2024 मध्ये सरकारने असं नाकारता येणार नाही हे स्पष्ट केलं, तरी रिसेप्शनवरच्या मुलीला नोंदणीची प्रणाली चालवता येत नसेल तर फर्मान तिच्या काय कामाचं?

मग पैसे. गावातला भाजीवाला नोट घेतो, पण सुट्ट्यासाठी शेजाऱ्याकडे धावतो, कारण सगळं वीचॅट नाहीतर अलीपेवर चालतं. 2023 पासून परदेशी कार्डं त्यांना जोडता येतात. दोनशे युआनच्या वरच्या रकमेवर तीन टक्के कापून घेतात. कायम राहायचं तर स्थानिक बँकेत खातं हवं, आणि इथे मराठी नाव आडवं येतं. पासपोर्टवर स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव एकत्र, आडनाव वेगळं. बँकेने ते एका क्रमाने टाइप केलेलं, सिमकार्डवाल्याने दुसऱ्या, रेल्वेच्या तिकिटावर मधली जागा गायब. तिन्ही ठिकाणची नावं जुळल्याशिवाय वीचॅट पैशांचं दार उघडत नाही. बँकेत पहिल्या दिवशीच नाव कसं लिहिलं ते कागदावर उतरवून घ्यावं आणि पुढे सगळीकडे तेच, तसंच लिहायला लावावं. घरी फोन करायचा तर व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही, गूगल नाही, यूट्यूब नाही. भारतीय सिम रोमिंगवर ठेवणं किंवा आईला वीचॅट शिकवणं, असे दोन मार्ग. बाकीचे सगळ्यांना माहीत असतात आणि कुणी मोठ्याने बोलत नाही.

थंडीबद्दल मात्र कुणी आधी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर. चिनी सरकारने 1950 च्या दशकात छिनलिंग पर्वत आणि हुआय नदीच्या रेषेवर देश दोन भागांत पाडला. रेषेच्या उत्तरेला हिवाळ्यात घरोघरी नळातून उष्णता येते, दक्षिणेला नाही. त्यामुळे हगांगमध्ये बाहेर उणे पंचवीस असताना घरात माणसं बनियनवर बसतात, आणि यांगशुओला बाहेर आठ अंश तर घरातही आठच. भिंती पातळ, खिडक्यांना फटी, फरशी उघडी. दक्षिणेतले लोक घरातही जाड कोट घालून वावरतात आणि वर हवा खेळती हवी म्हणून खिडकी उघडी ठेवतात. हूनान-क्वेचौकडे टेबलाखाली विजेची शेगडी, टेबलावरून जमिनीपर्यंत गोधडी, आणि सगळं घर त्यात पाय खुपसून जेवतं, पत्ते कुटतं, मुलं गृहपाठ करतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये ग्वांगशीत दमट वारे सुटले की भिंतींना पाझर फुटतो, आरसे वाहायला लागतात, कपाटातल्या चामडी पट्ट्याला बुरशी येते. कोकणातल्या माणसाला हे नवीन नाही. पुण्या-सोलापूरच्या माणसाने घर ऑक्टोबरात बघून पसंत करू नये, जानेवारीत बघावं.

शाकाहाऱ्याने काय करावं हा आपल्याकडचा हमखास प्रश्न. भाज्या विपुल आणि ताज्या, पण परतायला डुकराची चरबी, आणि टोफूवर खिम्याची पखरण. 'मांस नको' म्हटलं की मांसाचे तुकडे बाजूला काढून तीच भाजी येते. बुद्धमंदिराजवळच्या शाकाहारी खानावळी हा भरवशाचा आसरा, बाकी आपलं स्वयंपाकघर. युनानमध्ये एक सुखद अपवाद आहे: चीनच्या बऱ्याच भागांत जेवणात दूध-दुभतं नसतं, पण दालीकडे पनीरसारखं रूबिंग आणि दुधाच्या वाळवलेल्या पापडासारखं रूशान सर्रास मिळतं. कणीक, हळद, मोहरी ऑनलाइन मागवता येते; गल्लीतल्या पार्सलकेंद्रात जाऊन मोबाइलवर आलेला आकडा सांगायचा आणि फळीवरून आपला खोका शोधून घ्यायचा. बाकी खरेदी बाजाराच्या दिवशी. चांद्र महिन्याच्या ठरावीक तिथींना, दर पाच-सहा दिवसांनी भरणारा हा बाजार आपल्या आठवडे बाजारासारखाच. फरक इतकाच की इथे दात काढणारा आणि कान कोरणाराही अजून बसतो.

आजारपणात लहान गाव एका मर्यादेपर्यंत चांगलं. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात सकाळी नंबर लावला, पैसे आधी भरले, की रक्ततपासणी आणि क्ष-किरण दुपारपर्यंत हातात. डॉक्टरांच्या खोलीत आणखी चार रुग्ण उभे असतील आणि तुमचा अहवाल तेही वाचतील, याची तयारी ठेवावी. नोकरीवरच्या परदेशी माणसाला 2011 पासून सामाजिक विमा लागू आहे. पर्यटक व्हिसावर राहणाऱ्याला नाही. गंभीर काही झालं तर प्रांताची राजधानी गाठावी लागते. मुलं असतील तर हा बेतच मी सुचवणार नाही. आंतरराष्ट्रीय शाळा मोठ्या शहरांत आणि त्यांची फी गावातल्या घरापेक्षा जास्त. सरकारी शाळेत पहिलीपासून गेलं तर ठीक, पाचवीत गेलेलं मूल चिनी अक्षरांच्या ढिगाऱ्याखाली गुदमरतं.

लोकांचं म्हणाल तर ते वाईट वागवत नाहीत. गलवाननंतरही तालुक्याच्या गावी भारतीय माणसाला राजकारणापेक्षा आमिर खानविषयी जास्त विचारतात. 2017 मध्ये 'दंगल' तिथे तुफान चालला होता. संध्याकाळी चौकात नाचणाऱ्या बायकांतल्या एखादीला राज कपूरच्या 'आवारा'चं गाणंही येतं. राजकारण जाणवतं ते व्हिसाच्या खिडकीवर. 2020 मध्ये थांबलेली थेट विमानसेवा 2025 च्या ऑक्टोबरअखेर कोलकाता-क्वांगचौ मार्गाने पुन्हा सुरू झाली. मधली पाच वर्षं चीनमधल्या भारतीयाला घरी यायचं तर बँकॉक, सिंगापूर किंवा हाँगकाँगला वळसा घालावा लागत होता.

मग कुणी जावं? वर्ष-दोन वर्षांची नोकरी किंवा भाषेचा अभ्यासक्रम हाती असलेल्याने जरूर जावं, आणि शांघायपेक्षा लहान गावच निवडावं. भाषा तिथेच येते. निवृत्तीनंतर कायमचं राहायला निघालेल्याला मात्र मी थांबवेन. साठीला पोचलं की कामाचा परवाना साधारणपणे वाढवून मिळत नाही. पंधरा वर्षं एका गावात शिकवलेला, भाजीवाल्यापासून मुख्याध्यापकापर्यंत सगळ्यांना नावाने ओळखणारा माणूसही त्या वाढदिवसाला पर्यटक होतो. कायम वास्तव्याचं कार्ड 2004 पासून अस्तित्वात आहे, पण 2016 सालात, आधीच्या वर्षापेक्षा दुपटीहून जास्त कार्डं देऊनही, संख्या झाली 1,576. ते मिळतं मोठ्या गुंतवणूकदाराला, नावाजलेल्या शास्त्रज्ञाला, किंवा चिनी जोडीदारासोबत सलग पाच वर्षं राहिलेल्याला. बाकीच्यांतले काहीजण सामान बांधून थायलंडच्या चियांग मायला जातात. दालीसारखेच डोंगर, तितकंच स्वस्त, आणि पन्नाशी उलटलेल्याला बँकेत आठ लाख बाट दाखवले की वर्षाचा निवृत्त व्हिसा मिळतो, दरवर्षी वाढवून.